हरणाबाईचा मिठाचा दगड

हरणाबाई वाटेने येताना दिसली की हिवरमाळातल्या बायका भांडी आवरून घेत. धास्ती भांड्यांची नव्हती, भांडी ज्यावर घासायची त्या दगडाची होती. हरणाबाई थांबायची, काठीचं टोक दगडावर टेकवायची आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "ह्यो मठाच्या दारावरचा हाय. ह्याच्यावर कमळ हुतं. घासून घासून घालवलंसा. घासा आणखी, घासा!"

खानापूर-आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातलं हे दीडशे घरांचं गाव. त्यातल्या कुठल्या घरात मठाचा कुठला दगड बसलाय हे तिला तोंडपाठ होतं. शाळेच्या पायरीत दोन, चावडीच्या जोत्यात अकरा, आणि ठेकेदार उदयसिंहाच्या घराचा उंबरठा तर अख्खा गाभाऱ्याचा. त्या उंबरठ्यावर तिने जन्मात पाय ठेवला नाही. कामाने जावंच लागलं तर सत्तरीला टेकलेली ही बाई लुगडं सावरून टुणकन उडी मारून आत जायची. उदयसिंहाची आई लीलाबाई ओट्यावर बसलेली असायची. ती हसायची.

"अगं हरणे, कंबर मोडंल की!"

"कंबर माझी हाय, वैनीसाब. उंबरा तुमचा न्हाई."

उंच, सडसडीत, हनुवटीवर हिरवं गोंदण, आणि आवाज असा की माळाच्या ह्या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसावं. अशी बाई रंगमंचावर नुसती येऊन उभी राहिली तरी मागच्या रांगेतला माणूस आपोआप सरळ बसतो. नाटक शिकून ते येत नाही. राग खरा असावा लागतो.

गावाच्या उत्तरेला एक बुटका डोंगर आहे, आणि डोंगराच्या खांद्यावर मठ आहे. आहे म्हणायचं ते हरणाबाईच्या धाकाने. उरलं होतं ते एवढंच: एक चौथरा, चार खांब, त्यांतला एक कललेला, भिंतीचा हातभर तुकडा आणि त्यात दिव्याचा कोनाडा. खाली कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. त्याचं पाणी मात्र भर वैशाखातही आटलं नाही.

हरणाबाईच्या सासरी त्या मठाची हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. फार फार वर्षांमागे कर्नाटकाकडून नऊ जोगी आले. अंगावर न रंगवलेल्या लोकरीची पांढरी कांबळी. आपल्याकडची मेंढरं काळी, घोंगडं काळं. पांढरं कांबळं म्हणजे लोकांना अप्रूपच. उजाडताना ते एकदा सगळे मिळून गायचे, दिवे लागताना एकदा गायचे, आणि मधे दिवसभर तोंडाला कुलूप, हाताला काम. टाकं त्यांनी खोदलं, ओढ्याला बांध त्यांनी घातले. मेंढरं पाळली, आणि मेंढरांमागे माणसं हवीत म्हणून माळावरची चार धनगर घरं जवळ केली. कुण्या राजाने त्यांना तो डोंगर, तो ओढा आणि खालचा माळ दान दिला. नऊचे नव्वद झाले. मग बारा वर्षं पाऊस आला नाही. जोग्यांनी कणग्या उघडल्या, धान्य वाटलं, धान्य संपल्यावर मेंढरं वाटली. आणि एका सकाळी डोंगरावरून गाण्याचा आवाजच आला नाही. गेले म्हणावं तर जाताना कुणी पाहिले नाहीत, मेले म्हणावं तर हाडं सापडली नाहीत.

धनगराच्या एका घरात, हरणाबाईच्याच सासरी, मात्र त्यांनी दिलेलं पांढरं मेंढरू राहिलं. तेव्हापासून त्या घरच्या काळ्या कळपात एक पांढरं मेंढरू असतंच. ते विकायचं नाही, कापायचं नाही. त्याची कातरणीची पहिली मूठभर लोकर मठाच्या कोनाड्यात नेऊन ठेवायची. चिमण्या ती घरट्याला नेतात. हरणाबाई म्हणायची, "मठ मोडला, पर चिमण्यांची घरं अजून जोगीच बांदून देत्यात बगा."

मठ कुणी एका दिवसात पाडला नाही. राजाने पाडला असता, फौजेने पाडला असता, तर निदान पोवाडा तरी झाला असता. पण तो गेला डोक्यावरच्या पाटीतून आणि बैलगाडीतून. एकाने दगड गढीला नेले, दुसऱ्याने चावडीला, तिसऱ्याने गोठ्याला. 'एका दगडानं काय हुतंय' असं प्रत्येकाने म्हटलं, आणि प्रत्येकाचं खरंच होतं.

हरणाबाई लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. नवरा भाऊसो, बोलायला लाजरा, ढोलावर बसला की रात्रभर ओव्या गाणारा. दिवाळीनंतर मेंढरं हाकत सगळं घर खाली कृष्णाकाठी उतरायचं. कुंडल, पलूसकडच्या काळ्या रानात उसाच्या फडाशेजारी मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात पोटाला धान्य घ्यायचं, आणि मृग तोंडावर आला की परत हिवरमाळ. सासू दगडाबाई. नावासारखीच. सुनेला तिने कधी जवळ घेतलं नाही आणि कधी उपाशीही ठेवलं नाही.

लग्नाला वर्ष झालं आणि बहात्तर साल आलं. कृष्णाकाठीही चारा नव्हता. निम्मी मेंढरं वाटेत बसली ती उठली नाहीत. गावाला रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. खडी फोडायची. जवळपासचे धोंडे महिन्यात संपले, तेव्हा मुकादमाने मान वर करून डोंगराकडे पाहिलं.

"त्यो तितं आयता दगड पडलाय की!"

आणि ज्या मठाने कधीकाळी ह्या माळाला दुष्काळात जगवलं होतं, तो मठ त्या माळाच्या माणसांनी दुसऱ्या दुष्काळात फोडायला घेतला. सोळा वर्षांची हरणाबाई त्यांत होती. हातोडीने तिने खांब फोडले, तुळया फोडल्या. एक दगड होता, त्यावर बायकांची ओळ नाचत होती. पहिल्या घावाला एकीचा हात गेला. तिने डोळे मिटले आणि दुसरा घातला. पोटात दुसरं काही नव्हतं, सरकारी कामावर वाटायची ती सुकडी होती, आणि सुकडी खडीच्या ढिगावर मिळत होती.

एक दिवस चौथऱ्याशेजारून एक लांबोळा धोंडा उकरून निघाला. दगडाबाईने तो पहारीने उलटला, पाहिला, आणि तसाच पालथा पाडून त्यावर फतकल मारून बसली.

"ह्यो न्हाई फोडायचा."

मुकादम आला. शिव्या दिल्या. आजची हजेरी लागणार नाही म्हणाला.

"नगं लावू."

"म्हातारे, डोकं फिरलं का तुझं? काय सोनं हाय त्याच्याखाली?"

"सोनं असतं तर तूच बसला असतास की रं हितं."

दिवस मावळेपर्यंत ती उठली नाही. मग भाऊसोने आणि भावकीतल्या तिघांनी तो धोंडा डोंगराच्या पायथ्याला, मेंढवाड्याशेजारी आणून टाकला. पालथाच. त्याची पाठ सपाट होती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मेंढरांना मीठ त्यावर घालू लागले.

"काय हाय त्याच्यावर, आत्याबाई?" हरणाबाईने विचारलं होतं.

"बाईनं बगायचं न्हाई, असं हाय." दगडाबाईने पांढरं मेंढरू ओढून आणलं, सुनेचा हात धरून त्याच्या डोक्यावर ठेवला. "मी असू नसू, ह्यो दगड कुणाच्या फुडं उताणा करायचा न्हाई. आन घे."

हरणाबाईने आन घेतली, आणि पन्नासाहून जास्त वर्षं पाळली. दगडाबाई गेली, भाऊसो गेला. मेंढरांच्या किती पिढ्या त्या दगडावरचं मीठ चाटून गेल्या. धोंड्याच्या पाठीला घमेल्यासारखी गुळगुळीत खळगी पडली.

लोकांना वाटायचं ही गावावर चिडते. ते अर्धंच खरं होतं. गावाच्या दगडांवर काठी आपटून ती घरी यायची आणि तिन्हीसांजेला आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसायची. गावाने नेलेले दगड निदान कुठंतरी होते. तिने फोडलेले डांबराखाली गेले होते.

आता त्याच रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम उदयसिंहाला मिळालं. मुरूम जवळ हवा होता. डोंगर जवळ होता. आणि त्याच्या खोदाईच्या मशीनवर बसणारा माणूस होता बिरदेव. हरणाबाईचा एकुलता एक मुलगा.

बिरदेवाने मेंढरं सोडून मशीन धरलं त्याला दहा वर्षं झाली होती. त्याबद्दल हरणाबाईने त्याला कधी बोल लावला नव्हता. पण त्या दिवशी जेवताना तो ताटात बघत म्हणाला, "शुक्कारपासनं डोंगराला लावाय सांगितलंय."

हरणाबाईने टाकलेली भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"कुठल्या अंगानं?"

"वरनं."

"वर मठ हाय."

"चार खांब हायती, आये. त्यातला एक वाकडा." तो कळवळून म्हणाला. "मी न्हाई बसलो तर दुसरा बसंल. मशीन काय माझ्यावाचून थांबतंय व्हय?"

"मग दुसऱ्याला बसू दे! माझ्या पोटचाच पायजे व्हय त्यासनी?"

बिरदेवाची बायको सोनिया चुलीपाशी होती. तिने हळूच भाकरी उलटली. जळली होती.

हरणाबाईने त्यानंतर जे केलं ते गावाला अजून आठवतं. शाळेच्या गुरुजींकडून तिने तालुक्याला फोन लावायला लावला, तालुक्याने जिल्ह्याला सांगितलं, आणि मंगळवारी समीक्षा नावाची एक मुलगी जीपमधून उतरली. जुन्या वास्तूंच्या खात्यात कामाला होती. चष्मा, पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा. भर उन्हात तिने चौथरा मापला, खांबांचे फोटो काढले, टाक्यात उतरली, कोनाड्यातली लोकर पाहून "हे काय?" म्हणून विचारलं आणि हरणाबाईने सांगितलेली सगळी हकिगत न कंटाळता लिहून घेतली. मग वही मिटून बसली.

"आजी, तुमचं सगळं खरं असेल. मला तर वाटतंच. पण वरच्यांना कागदावर पुरावा लागतो. इथं मठ होता, एवढी जमीन त्याची होती, असं लिहिलेला एखादा दगड मिळाला तर मी आठवड्यात काम थांबवून दाखवते. त्याच्याशिवाय हे नुसतं जुनं बांधकाम. अशी गावोगाव आहेत."

"लिवलेला दगड."

"अक्षरं असलेला. कुणाच्या घरात असेल तर बघा."

बुधवार आणि गुरुवार हरणाबाई घरोघर फिरली. एरवी दारातून ओरडणारी बाई आत शिरली. न्हाणीतले दगड उलटायला लावले, गोठ्यातले धुवायला लावले, जात्याखालची माती खरवडली. सोनिया मागे पाण्याची कळशी घेऊन.

"हरणामावशी, आमच्या चुलीखालचा बी काढू का? सैपाक काय तुज्या डोक्यावर करू?" एकीने टोमणा मारला.

"कर की. तापलेलंच हाय ते."

कुणी हसले, कुणी चिडले. बऱ्याच जणांनी दगड उलटून दाखवले. कमळं निघाली, वेलबुट्टी निघाली, एका घरी हत्तीचं अर्धं तोंड निघालं. अक्षर एक निघालं नाही. उदयसिंहाच्या दारात ती उडी मारून गेली, आणि जन्मात पहिल्यांदा उंबरठ्यापाशी खाली बसून त्यावर हात फिरवला. लीलाबाई वरून पाहत होती.

"काय शोदतीयास गं?"

"अक्षरं."

"ह्याच्यावर न्हाईत. माझी पावलं तेवढी हायती, साठ वर्सांची." लीलाबाईने आवाज खाली आणला. "पोरगं माझं ऐकत न्हाई, हरणे."

"माझं तरी कुठं ऐकतंय?"

गुरुवारी संध्याकाळी ती मेंढवाड्याशी येऊन टेकली. सोनियाने पिशवीतलं मीठ धोंड्याच्या खळगीत ओतलं. मेंढरं गोळा झाली. खरखर जिभा चालू लागल्या. हरणाबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. गावातला प्रत्येक दगड तिने उलटवला होता. एक सोडून.

शुक्रवारी उजाडताच तिने पांढऱ्या मेंढराच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला. "आत्याबाई, पन्नास वर्सं ऐकलं तुमचं. आता बास." आणि सोनियाला म्हणाली, "पहारी आण."

दोघींनी दोन बाजूंनी पहारी घातल्या. धोंडा हलला, मातीतून सुटला, आणि उभा राहून वाड्याच्या दगडी गडग्याला टेकला. त्याच्या तोंडावर अर्धशतकाची ओली माती होती. सोनियाने कळशी ओतली.

वर चंद्र आणि सूर्य. त्याखाली अक्षरं, ओळींवर ओळी, जणू काल कोरल्यासारखी. आणि सगळ्यात खाली एक गाढव, आणि गाढवाखाली एक बाई. पाहणाऱ्याला शंका राहू नये, इतकं उघड.

सोनियाने पदर तोंडाला लावला. आधी हसू आलं, मग ते गेलं. हरणाबाई एवढंच म्हणाली, "फोन लाव त्या पोरीला."

समीक्षा दुपारी पोचली. दगड पाहून ती मातीत गुडघ्यांवर बसली. मग बोट फिरवत अडखळत वाचू लागली. अमुक शके, म्हणजे आठशे वर्षांमागचं, अमुक राजा. डोंगर, ओढा, खालचा माळ, टाक्यापासून हिवराच्या झाडापर्यंत. "पांढऱ्या कांबळ्यांच्या तपस्व्यांना" दिलं. त्यांनी माळावरच्या मेंढरांना पाणी द्यावं आणि कुणाला अडवू नये.

"पांढऱ्या कांबळ्यांच्या," हरणाबाई पुटपुटली. सासरच्या सगळ्या मेलेल्या माणसांनी खरंच सांगितलं होतं. क्षणभर तिचा चेहरा उजळला. "नावं हायती त्यांची?"

"नाहीत, आजी. एवढंच लिहिलंय."

"आन् खालची वळ?"

समीक्षा चष्मा पुसू लागली. "ती… तशीच असते. दान मोडू नये म्हणून. त्या काळी पद्धत होती."

"वाच."

"राहू द्या ना."

"मी बाई हाय, तू बाई हायस, ही बाई हाय. दगडावर बी बाईच हाय. वाच!"

समीक्षाने वाचलं. जो हे दान मोडेल, त्याच्या आईवर गाढव.

हरणाबाई हळूहळू उठली. तिच्या गोंदणापासून कपाळापर्यंत रक्त चढत गेलेलं सोनियाने पाहिलं, आणि ती नकळत दोन पावलं मागे सरली.

"चोरी करणार पोरगं," हरणाबाई म्हणाली, "आन् भोगायची आईनं? राजा असला म्हणून काय झालं! दान दिलंस, पुन्य तुला. मोडलं कुणी, तर पाप त्याच्या आईला? तिनं कुटला दगड उचलला हुता रं, मुडद्या?"

राजाला मरून आठशे वर्षं झाली होती. तरी तो त्या क्षणी समोर असता तर पळाला असता.

तेवढ्यात खालच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला. पुढे उदयसिंहाची गाडी, मागे पिवळं मशीन, आणि मशीनवर बिरदेव. डोंगरावर जायची वाट मेंढवाड्याला खेटूनच होती. हरणाबाई चालत गेली आणि वाटेच्या मध्यावर उभी राहिली. दोन दिवसांच्या शोधाने गाव जागं झालंच होतं. पंधरा-वीस बायका मागून येत होत्या, काही तमाशा बघायला, काही कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मावशी, बाजूला व्हा," उदयसिंह गाडीतून म्हणाला. तसा तो उर्मट माणूस नव्हता. घाईतला होता.

"साहेब, शिलालेख सापडलाय," समीक्षा पुढे झाली. "सोमवारी स्थगितीचा कागद येईल. तोवर हात लावता येणार नाही."

"सोमवारी कागद आला की सोमवारी थांबू. आज शुक्रवार हाय. बिऱ्या, घे वर."

बिरदेव मशीनवरून हलेना. "आये, बाजूला हो की गं."

"हुते. आधी खाली उतर आन् हे बघ."

तो उतरला. दगडापाशी गेला, पाहिलं, आणि चटका बसल्यासारखी मान फिरवली. "आये! हे काय भलतंच…"

"भलतं न्हाई. लिवलंय ते ह्या बाईनं वाचलंय. मठ मोडणाराच्या आईला हे. तू वर बकेट लावलीस की ही खालची बाई मी."

उदयसिंह हसला, पण बायका हसत नाहीत हे पाहून त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "मावशी, असले शाप लागत असते तर निम्मं गाव कवाच…"

"शाप लागत न्हाई, मला ठावं हाय!" हरणाबाई कडाडली. "बाहत्तर साली ह्या हातांनी मी मठ फोडलाय. खांब फोडलं, नाचणाऱ्या बायांचं हात तोडलं. माझ्या आईला काय सुदिक झालं न्हाई. म्हातारी हून सुखानं गेली. शाप येगळा आन् शिवी येगळी, उदयदादा. शाप खोटा असतूय. शिवी खोटी नसती. ती द्येऊन ठेवलीया, आठशे वर्सं वाट बघतीया. मी दिली माझ्या आईला, पोटासाटी, न कळता. ह्यो कळून देणार हाय. मला. ह्या समद्यांच्या म्होरं." ती मुलाकडे वळली. "जा. चढ. मी आडवी हुत न्हाई. मी ह्या दगडाशेजारी उभी ऱ्हाते. तू तितनं माझ्याकडं बघ, आन् मग लाव बकेट."

आणि ती खरोखरच वाट सोडून दगडाशेजारी जाऊन उभी राहिली.

बिरदेव मशीनपाशी गेला. पायरीवर हात ठेवला. त्याच्या शर्टाची पाठ घामाने काळी झाली होती. मग त्याने हात काढला, किल्ली खिशात होती ती उदयसिंहाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि आईकडे न बघता वाड्याच्या गडग्यावर जाऊन बसला.

"बरं!" उदयसिंहाने किल्ली उचलली. "मला काय चालवाय येत न्हाई व्हय?" तो वर चढला. इंजिन गुरगुरलं.

"उदयदादा," हरणाबाईने आवाज चढवला नाही, "लीलाबाईंना इचारून आलायसा न्हवं?"

बायका सगळ्या लीलाबाईला ओळखत होत्या. कुणाच्या बाळंतपणात ती धावली होती, कुणाला तिने लुगडं दिलं होतं. त्या सगळ्या उदयसिंहाकडे बघत होत्या, आणि मधून मधून त्या दगडाकडे. पुन्हा त्याच्याकडे. त्याचा हात दांड्यावर होता. इंजिन चालू राहिलं, बराच वेळ. बकेट उचलली गेली नाही.

"सोमवारी बघू," तो शेवटी म्हणाला. उतरला आणि गाडीत बसून निघून गेला. मशीन तसंच धडधडत राहिलं. अखेर बिरदेवच उठला आणि त्याने ते बंद केलं.

सोमवारी कागद आला. मुरूम दुसरीकडून आणायचं ठरलं. बिरदेवाचं काम गेलं, तो दोन महिने घरी बसला, आईशी बोलला नाही, आणि मग विट्याला दुसऱ्या मशीनवर लागला. हरणाबाईनेही बोलायचा आग्रह धरला नाही. शनिवारी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या आवडीचं कोरड्यास मात्र चुलीवर शिजायचं.

एक दिवस लीलाबाईने गडी लावून आपला उंबरठा उकरला आणि ट्रॉलीत घालून डोंगरावर पाठवला. हरणाबाई धावत गेली, आणि आभार मानायचे सोडून गड्यांवर ओरडली, "उलटा ठेवताय की रं, आंधळ्यांनो! कमळ वर, कमळ!" मग चावडीच्या जोत्यातून दगड सुटले, न्हाण्यांतून सुटले. ती प्रत्येकाला शिव्या देत जागा दाखवायची. कुणावर तिचा राग गेला असं नाही. फक्त त्याला आता काम मिळालं होतं.

दिवाळीच्या आधी समीक्षा फलकाचा मजकूर घेऊन आली. पत्र्यावर रंगवण्याआधी आजींना वाचून दाखवावा म्हणून. हरणाबाई मीठ घालत होती. दगड खात्याने चौथऱ्यावर उभा केला होता, म्हणून आता मीठ जुन्या घमेल्यात. पण मेंढरं घमेलं सोडून त्या रिकाम्या खड्ड्यापाशीच जाऊन उभी राहायची, आणि ती त्यांनाही शिव्या द्यायची.

समीक्षाने वाचलं. शके, राजा, डोंगर, ओढा, माळ, पांढरी कांबळी, मेंढरांना पाणी. थांबली.

"शेवटची वळ?"

"आजी, शाळेच्या सहली येतील…"

"लिव. शिवी आमाला दिलीया. ती झाकून ठेवली म्हणून तर पन्नास वर्सं दगड मातीत तोंड खुपसून पडला, आन् मी गावभर बोंबलत फिरले. आता झाकायची न्हाई. पोरं येत्यात तर येऊ देत. वाचतील आन् घरी जाऊन आईकडं बघतील."

समीक्षाने मान खाली घालून लिहून घेतलं. मग पुढचं वाचलं, "शिलालेखाची मागील बाजू अज्ञात कारणाने झिजलेली आहे."

हरणाबाईच्या हातातली मिठाची पिशवी थांबली.

"काय म्हणालीस? अज्ञात?"

"म्हणजे कारण ठाऊक नाही, असं."

"कुणाला ठाऊक न्हाई?" राग असा उसळला की सोनिया वाड्यातून बाहेर आली. "नऊ जोगी आले, त्यांची नावं न्हाईत. खडी कुणी फोडली, नावं न्हाईत. एक बाई दिसभर उपाशी बसली ह्याच्यावर, म्हणून ह्यो वाचला, तिचं नाव न्हाई! आन् झिजला त्यो बी अज्ञात? काढ ती पेन."

समीक्षाने पेन काढलं.

"लिव. दगडाबाईनं राखला. हरणाबाईच्या मेंढरांनी चाटला."